पडद्याच्या मागे

माघाचा महिना. धान घरात आलेलं,
खळ्यावर तणसाचे ढीग.
पवनीकडून सरकारी जीप आली
आणि घाटाच्या वाटेवर, चिंचेखाली
दोन बांबूंमध्ये पांढरा कपडा ताणला गेला.
जनरेटर धडधडला. कुत्री भुंकून भुंकून थकली.
आम्ही पोट्टे तणसात रुतून बसलो.

आधी देवीची लस दाखवली,
मग जपानी पद्धतीची धानलावणी,
तिला म्हातारे पोट धरून हसले.
मग लढाई.

लढाई म्हणजे एक नदी होती.
तिचं नाव कर्ण्यातून सांगितलंही असेल,
हिंदीत, खरखरत; आम्हाला ती वैनगंगाच वाटली.
तेवढीच रुंद, मधे तसाच रेतीचा दांडा.
डाव्या काठावरून जवान उतरले पाण्यात,
बंदुका दोन्ही हातांनी डोक्यावर धरून.
टोंगळाभर, कमरेभर,
मग छातीभर.
पाण्याचा आवाज नव्हता. जनरेटरचाच होता.

डोमा ढिवर सगळ्यांच्या पुढे उकिडवा,
चाळीस वर्षं या घाटावर डोंगा चालवलेला.
लढाईतलं त्याला काही कळत नव्हतं, पाण्यातलं सगळं.
“दुसरा पोट्टा नदीवाला हाय,
पाय उचलून नाई टाकत, घासत नेते.
चवथ्याले कोनी शिकवलं नाई बाप्पा,
धारेले पाठ देऊन रायला.”
मग तो मोजू लागला,
उतारू मोजायचा तसा, बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत.

एकोणीस उतरले.
अठरा चढले पलीकडे.
एकोणिसावा छातीभर पाण्यातून
तोंड आमच्याकडे वळवत होता, तेवढ्यात
कपडा कोरा झाला,
उजेडात नुसते पाखरांचे ठिपके.

“साहेब, एक रायला.”
“रीळ एवढीच आहे.”
“मंग तो?”
साहेब बिडी पेटवत होता.

भागरताबाई कुठे होती, ते मला उशिरा कळलं.
तिचा झिबल पलटणीत.
मार्गशीर्षापासून त्याचं कार्ड नाही, तारही नाही.
आदल्या रात्री नदीपलीकडच्या गावी
तिनं हाच खेळ पाहिला होता, डोंग्यानं जाऊन,
पोरांना बाजूला सारून अगदी पुढे बसून.
आज ती मागे होती. कपड्याच्या मागे,
बाभळीच्या कुंपणाला टेकून, एकटी.
मागून अक्षरं उलटी दिसतात.
तिला सुलटीही वाचता येत नव्हती.

मी तिकडे गेलो तो मुतायला.
“मावशी, इथून काय दिसते वं?”
तिनं नजर काढली नाही कोऱ्या कपड्यावरून.
“समोरून पायलं त जातेत,” म्हणाली.
“मांगून पायलं त येतेत.”

कोणी सांगितलं साहेबाला, ठाऊक नाही,
पण त्यानं बिडी कानावर खोचली
आणि रीळ पुन्हा चढवली. देवी नाही, धान नाही,
फक्त नदी.
डोमा उठला, वळसा घालून आला,
भागरताबाईपासून हातभर दूर बसला.
मीही राहिलो तिथंच, नाडा धरून.

उजव्या काठावरून उतरले ते,
आमच्या डाव्या हाताकडे, जिथून गेले होते तिकडे.
चेहरे कपड्याच्या विणीत विरलेले,
कोणीही कोणाचाही.
भागरताबाई प्रत्येकाला पुटपुटत काही म्हणत होती,
नाव नव्हतं ते. “हळू”, एवढंच असावं.
डोमाचा अंगठा पेरावरून पेरावर.
अठरा.
मग तोंड वळवणारा तो,
यावेळी तिच्याकडे,

आणि पुन्हा कोरं.

जीप गेली. बांबू ज्याचे त्यानं नेले.
डोमाची बायको सांगे, त्या रात्री बुढा घरी आलाच नाही.
घोंगडं घेऊन घाटावर,
डोंग्याची दोरी खुंट्यावरून सोडून
हाताला गुंडाळून झोपला.
थंडी किती, म्हणून ती ओरडली
तर म्हणाला, गप.
एक उतारू बाकी हाय.